व्हिजिटवर गेलेला ड्रायव्हर आणि आपली चळवळ



काशीदच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. त्या गाड्या कोणाच्या आणि त्या चालवणारे हात कोणाच्या घरचे, हा प्रश्न समाजशास्त्राच्या पेपरात आला असता तर आम्ही चार पानं लिहिली असती. किनाऱ्यावर तो कोणी विचारत नाही. या परिसरातल्या एका बौद्धवाडीतला २७ वर्षांचा तरुण अशाच गाड्या चालवत होता. नववीनंतर शाळा सुटली, पण हात पक्का, घाटरस्ता पाठ, दारूला शिवत नाही. मागच्या वर्षी तो दुबईला गेला आणि पावणेदोन महिन्यांत परत आला. आईने बचत गटातून उचललेलं कर्ज अजून फिटायचं आहे.

तो परत आल्यावर आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. त्याने कपाटातून एक पुस्तिका काढली. पेणच्या आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. म्हणाला, "दादा, हे तर सरकारी शिक्क्याचं आहे. हे खोटं कसं असेल?"

ते खोटं नव्हतंच. गोम इथेच आहे. एजंटाने त्याला बनावट कागद दिला असता तर प्रकरण सोपं होतं. त्याने खरा कागद दिला आणि त्याचा अर्थ खोटा सांगितला.

हे परमिट म्हणजे नवा परवाना नव्हे. आपल्या लायसनची ती परदेशातल्या पोलिसाला वाचता येईल अशी ओळखपत्रिका आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारातून ही पद्धत आली. आरटीओत फॉर्म ४-अ भरायचा, १००० रुपये फी, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मूळ लायसन सोबत नसेल तर पुस्तिकेला काही किंमत नाही. व्हिजिट व्हिसावर दुबईत गेलेला भारतीय याच्या आधारे भाड्याची मोटार घेऊन फिरू शकतो. फिरू शकतो, नोकरी करू शकत नाही. व्हिजिट व्हिसावर पगारी काम करणं हाच तिथे गुन्हा. आणि नोकरीचा, म्हणजे रेसिडेन्स व्हिसा लागला की हे परमिट चालत नाही. तिथलं लायसन काढावं लागतं, क्लास लावून, परीक्षा देऊन.

सगळ्यांनाच परीक्षा द्यावी लागते असंही नाही. ब्रिटन, अमेरिका, जपान अशा ठरावीक देशांचं लायसन तिथे थेट बदलून मिळतं. आपलं मिळत नाही. लायसनांचीही उतरंड आहे म्हणायची. (याला लगेच जातिव्यवस्था म्हणू नका. पासपोर्ट बदलता येतो.)

तर एजंटाने मुलाला सांगितलं, परमिट आहे ना, व्हिजिटवर जा, मालक तिथे व्हिसा करून देईल. मुलाने पाच आठवडे डिलिव्हरी व्हॅन चालवली. पगार मागितल्यावर उत्तर मिळालं की तू इथे बेकायदेशीर आहेस, पोलिसांकडे जायचं असेल तर जा.

आता खरा प्रश्न. एजंटाला व्हिजिटचाच रस्ता का हवा होता? उत्तर मुलाच्या पासपोर्टवर छापलेलं आहे: ईसीआर. दहावी न झालेला माणूस नोकरीसाठी आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत जात असेल, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार त्याला आधी सरकारी मंजुरी लागते. त्यासाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो. एजंट नोंदणीकृत लागतो, आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा सक्तीचा आहे. फिरायला जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. ड्रायव्हरला पर्यटक केलं की करार गेला, विमा गेला, शुल्काची मर्यादा गेली. आमच्या मुलाकडून एजंटाने त्या मर्यादेच्या तिप्पट पैसे घेतले, पावती न देता.

यावर आपल्यातले काही मित्र म्हणतात, ईसीआरचा शिक्काच रद्द करा, हा दुय्यम नागरिकत्वाचा शिक्का आहे. त्यांचा राग आम्हाला समजतो. जानेवारी २०१८ मध्ये ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट देण्याची घोषणा झाली होती. कमी शिकलेला माणूस विमानतळावर लांबूनच ओळखू यावा अशी ती सोय. टीका झाली आणि त्याच महिन्यात सरकारने ती मागे घेतली. रंगाला विरोध बरोबरच होता. पण शिक्का पुसल्याने एजंट सुधारणार नाही. उलट आज कायद्याने जी चार बंधनं आहेत तीही जातील. शिक्षणाची प्रत्येक अट अन्यायच असते असं नाही, प्रत्येक अट न्याय्यही नसते. व्यावसायिक वाहनाच्या लायसनला आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये निघाली, कारण हरियाणातल्या मेवात भागातल्या ड्रायव्हरांचा प्रश्न तिथल्या सरकारने केंद्राकडे नेला. ती अट नुसती अडवत होती, कोणाला वाचवत नव्हती. ईसीआर अडवते आणि वाचवतेही. म्हणून मागणी अशी हवी की मंजुरी मुंबईच्या कार्यालयापुरती न राहता जिल्ह्याच्या ठिकाणी समजावून मिळावी, आणि परमिट देताना आरटीओने त्यावर मराठीत एक ओळ छापावी: यावर नोकरी करता येत नाही.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. परदेश म्हटलं की आपल्याला १९१३ चं कोलंबिया आठवतं, आठवायलाच हवं. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा भरायचा यावर आम्ही स्वतः तीन शिबिरं घेतली. ड्रायव्हर, गवंडी, वेल्डर यांच्या पासपोर्टवर एकही घेतलं नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. पण आपल्या वाडीतला मजूर परदेशी निघाला की त्याला एजंटावर सोडून देतो. ज्यांच्या घरातला काका-मामा आधीच आखातात आहे त्यांना हे नियम जेवताना कळतात. मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातल्या कोकणी मुस्लिम घरांत ही माहिती पिढ्यांची आहे. आपला मुलगा पहिला जातो. त्याच्यासाठी काका-मामाचं काम चळवळीने करायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही. त्या घरात बसल्यावर याची लाज वाटली.

हा प्रश्न आखातावर थांबणारही नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून आमच्याकडे "जर्मनीला ड्रायव्हर" अशी विचारणा सुरू आहे. तिथे राहायला गेल्यावर भारतीय लायसन सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखी परीक्षा जर्मनशिवाय १२ भाषांत देता येते. त्यांत तुर्की आहे, अरबी आहे. हिंदी नाही, मराठी नाही. एजंट हे सांगणार नाही.

मुलगा सध्या पुन्हा काशीदलाच गाडी चालवतो. एजंटाविरुद्ध तक्रार लिहून दिली आहे, पावती नसल्याने बँकेचे उतारे जोडले आहेत. येत्या दोन महिन्यांत वाडीतले आणखी तिघे निघणार आहेत, तिघांच्याही तोंडी "व्हिजिट" हाच शब्द आहे. पुढच्या रविवारी सकाळी १० वाजता विहारात पासपोर्ट, लायसन आणि एजंटाने दिलेला प्रत्येक कागद घेऊन या. एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तिथेच तपासू. पैसे अजून दिले नसतील तर तोवर देऊ नका.