युद्धपट, अनाथ मुले आणि इतिहासाचे ऋण

रॉजर स्पॉटिसवूड दिग्दर्शित ‘द चिल्ड्रन ऑफ हुआंग शी’ हा युद्धपट २००८ साली प्रदर्शित झाला, तेव्हापासून त्याच्याविषयी प्रेक्षकांत दोन मतप्रवाह आहेत. चीन-जपान युद्धाच्या वणव्यातून सुमारे साठ अनाथ मुलांना सुरक्षित स्थळी नेणारे इंग्रज तरुण जॉर्ज हॉग यांची ही कथा आहे.

एका वर्गाला बर्फाळ डोंगरवाटा, बालकलाकारांचा सहज अभिनय आणि शेवटी पडद्यावर येणाऱ्या, त्या मुलांपैकी हयात असलेल्या वृद्धांच्या आठवणी भावल्या. दुसऱ्या वर्गाचा आक्षेप असा, की संकट चिनी जनतेवरचे असूनही तारणहार मात्र परदेशी ठरतो आणि चिनी पात्रे साहाय्यापुरती उरतात.

हा आक्षेप निराधार नाही. चित्रपटातील हॉग नानकिंगच्या हत्याकांडाचे साक्षीदार आहेत. प्रत्यक्षात ते चीनमध्ये आले १९३८ साली, तर हत्याकांड डिसेंबर १९३७ मध्येच सुरू झाले होते. शुआंगशिपू येथील त्यांची शाळा चिनी औद्योगिक सहकारी चळवळीची होती. तेथे मुलांना हातचे उद्योग शिकवले जात. या चळवळीचे एक प्रवर्तक, न्यूझीलंडचे रेवी अ‍ॅली, चित्रपटात कोठेही नाहीत. हॉग यांच्यानंतर शाळा त्यांनीच सांभाळली.

जपानी आक्रमण आणि मुलांच्या सक्तीच्या सैन्यभरतीचे भय, यांमुळे १९४४ च्या अखेरीस शाळेने गान्सू प्रांतातील शानदानकडे सुमारे १,१०० किलोमीटरचे स्थलांतर आरंभले. तेथे बास्केटबॉल खेळताना पायाच्या बोटाला झालेल्या जखमेतून धनुर्वात होऊन हॉग जुलै १९४५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी निवर्तले. पुढच्याच महिन्यात जपानने शरणागती पत्करली.

एकाच नायकावर प्रकाशझोत टाकण्याची ही रीत केवळ पाश्चात्त्य नव्हे. याच युद्धात १९३८ साली भारताने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले होते. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ने सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस अजरामर झाले. अटल, चोळकर, मुखर्जी आणि बसू ही नावे मात्र मागे पडली.

बहुसंख्य प्रेक्षकांना असा इतिहास प्रथम पडद्यावरच भेटतो. त्यामुळे प्रश्न केवळ कलात्मक स्वातंत्र्याचा राहत नाही. चित्रपटाने हॉग यांना विस्मृतीतून बाहेर काढले, हे त्याचे श्रेय. परंतु एकाचे ऋण फेडताना अनेकांचे श्रम पुसले जाऊ नयेत, ही प्रेक्षकांची अपेक्षाही तितकीच रास्त आहे.