आकडा आणि निवाडा

मधुमेहाचे निदान झाले की घरात एक लहानसे यंत्र येते आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो : 'आज किती आली?' साखर 'येते', 'चढते', 'ताब्यात राहते' किंवा 'हाताबाहेर जाते'. निकालाच्या दिवशी गुण विचारावेत, तसा हा प्रश्न विचारला जातो. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हां अध्यापकांना ही भाषा तत्काळ ओळखू येते. ती परीक्षेची भाषा आहे. आणि घरच्या तपासणीचे पुष्कळसे अपयश या भाषेतच दडलेले आहे, असे आमचे मत आहे.

वस्तुतः हे यंत्र घरात आले ते कुतूहलापोटी. 1970 च्या सुमारास अमेरिकेत एम्स कंपनीचा मीटर निघाला, तो डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यासाठी. रिचर्ड बर्नस्टाइन हे बाराव्या वर्षापासून मधुमेह असलेले अभियंते. पत्नी डॉक्टर असल्यामुळे त्यांना तो विकत घेता आला. दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून, कोणत्या अन्नाने आणि किती इन्सुलिनने काय घडते, हे त्यांनी शोधून काढले. पुढे चाळिशी उलटल्यावर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशही घेतला. त्यांच्या दृष्टीने आकडा हे एखाद्या प्रश्नाचे उत्तर होते. आपल्याकडे मात्र बहुधा प्रश्नाशिवायच उत्तर मिळवले जाते.

याचे परिणाम अभ्यासकांनी नोंदवलेले आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये नव्याने टाइप 2 मधुमेहाचे निदान झालेल्या रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास 2008 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. घरी तपासणी करणाऱ्यांच्या एचबीएवनसीमध्ये, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या निर्देशांकात, इतरांहून लक्षणीय फरक पडला नाही. खिन्नता मात्र त्यांच्यात अधिक आढळली. उलट, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांनी ठरावीक काळाने सलग तीन दिवस, रोज सात वेळा साखर तपासून नोंदवली आणि त्या नोंदी वाचायला रुग्ण व डॉक्टर दोघांनाही शिकवले गेले. तेथे सुधारणा अधिक झाली. टोचणे दोन्हीकडे होते. फरक होता तो वाचनाचा.

दुसरे असे की, आकडा आपल्याला वाटतो तेवढा काटेकोर नसतो. 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, प्रयोगशाळेत 160 भरणारी साखर मीटरने 136 किंवा 184 दाखवली तरी ते चालते. तेव्हा काल 148 आणि आज 156, यावरून स्वतःला किंवा घरातल्या कुणाला बोल लावण्यात काय अर्थ? बोटाला आंब्याचा रस लागलेला असला, तरी आकडा फुगतो. म्हणून हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. पट्ट्यांची डबी कोकणातल्या पावसाळ्यात क्षणभरही उघडी ठेवायची नाही.

मग तपासायचे कसे? एक प्रश्न घेऊन. भाकरी आणि भात यांत आपल्याला काय मानवते? उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीने काय होते? जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासावे. शेजारी काय खाल्ले, किती चाललो, झोप कशी झाली हे लिहावे. अशी आठ-दहा जोड्यांची वही डॉक्टरांसमोर ठेवली, तर ती सुट्या शंभर आकड्यांपेक्षा अधिक बोलते. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्ट्या सतत. त्यामुळे हा काटकसरीचाही मार्ग आहे.

अर्थात, इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी 70 च्या खालचा आकडा ही धोक्याची सूचना असते. तेथे किती वेळा तपासायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. एवढ्या घरांत रोज सकाळी कुणी तरी उत्तीर्ण आणि कुणी तरी नापास होत असेल, तर लोक लवकरच आकडा लपवू लागतील. पुढे तपासणेच सोडतील. वर्गात आम्ही हे पाहिले आहे : गुणांच्या धाकाने मूल शिकत नाही, प्रगतिपुस्तक लपवायला शिकते. म्हणून घरच्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की 'किती आली?' असे विचारण्याऐवजी 'काय कळले?' असे विचारून पाहावे.