भीमराव हे नाव 'अवैध' कसे ठरते?

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी दुपारी आम्ही दहावी-बारावीच्या मुलामुलींना पायथॉन शिकवतो. चार जुने लॅपटॉप, एका मोबाइलचा हॉटस्पॉट आणि खाली अंथरलेली सतरंजी, एवढीच प्रयोगशाळा. पहिल्या महिन्यातला स्वाध्याय सगळीकडे असतो तोच. वापरणाऱ्याला नाव विचारा, वय विचारा, आणि त्याला मतदान करता येईल की नाही ते सांगा.

मुलांनी प्रोग्राम लिहिला आणि तो चालला. मग आम्ही एका मुलाला सांगितले, वयाच्या जागी 'सतरा' असे अक्षरात लिही. प्रोग्राम लाल अक्षरांत 'व्हॅल्यूएरर' दाखवून बंद पडला. कारण साधे आहे. 'इनपुट' हे फंक्शन जे काही आणते ते मजकूर म्हणून आणते. त्याचा आकडा करायचे काम 'इंट' करते, आणि आकडा होण्यासारखे काही मिळाले नाही तर ते हात वर करते. म्हणून पुढचा धडा आला तो तपासणीचा. 'ट्राय' मध्ये प्रयत्न करा, 'एक्सेप्ट' मध्ये चूक झेला, आणि 'व्हाइल' लावून योग्य उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारा. एका मुलीने उणे पाच वय टाकले, तेही चालून गेले. म्हणजे आकडा आहे एवढे पाहून भागत नाही, तो शक्य आहे का हेही पाहावे लागते. इथपर्यंत सगळे पुस्तकाप्रमाणे.

अडचण आली ती नावापाशी. एका हुशार मुलाने नावाचीही तपासणी लावली. नावात फक्त अक्षरेच असावीत म्हणून त्याने 'इजअल्फा' वापरले. कुठल्याशा व्हिडिओत त्याने ते पाहिले होते. मुलांनी कीबोर्ड मराठी केला. 'कमल' लिहिले, नाव चालले. 'मदन' चालले. मग कुणीतरी 'भीमराव' लिहिले. उत्तर आले : 'अवैध नाव, पुन्हा लिहा.' 'रमा' अवैध. 'सुजाता' अवैध. 'गौतम' अवैध. 'संघमित्रा' तर अवैधच. पोरे आधी हसली, मग गप्प झाली.

असे का झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड नावाची एक मानक यादी आहे. तिच्यात प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. क, म, ल ही 'अक्षरे' आहेत. पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांचा वर्ग 'अक्षर' नाही, 'जोडचिन्ह' आहे. पायथॉनचे 'इजअल्फा' फक्त अक्षराचा वर्ग पाहते. त्यामुळे ज्या नावात काना-मात्रा नाही तेवढीच नावे या चौकीतून पार होतात. दोन शब्दांचे नाव असेल तर मधली मोकळी जागासुद्धा अडते, मग ते नाव इंग्रजीत लिहिलेले का असेना.

उलट बाजूचा अनुभवही त्याच दिवशी आला. एका मुलीने वय देवनागरीत '१७' असे लिहिले. आम्हालाच वाटले, आता हे अडणार. पण पायथॉनच्या 'इंट'ला देवनागरी आकडे कळतात. प्रोग्राम व्यवस्थित चालला. मात्र ज्या मुलाने स्वतः नियम लिहिला होता, की प्रत्येक चिन्ह इंग्रजी शून्य ते नऊ यांच्यातलेच हवे, त्याच्या प्रोग्रामने तीच '१७' परत पाठवली. म्हणजे यंत्राला आकडा कळत होता. अडवले ते माणसाने लिहिलेल्या नियमाने.

मित्रांनो, आमचा मुद्दा इथून सुरू होतो.

काही जण म्हणतील, साध्या प्रोग्रामिंगमध्येही तुम्ही जात आणता. आम्ही आणत नाही. 'इजअल्फा' लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष होता असे आमचे म्हणणे नाही. आमच्या वर्गात तो नियम आमच्याच वस्तीतल्या पोराने लिहिला होता. प्रश्न हेतूचा नाहीच. नियम लिहिताना डोळ्यांसमोर कोणता माणूस होता, हा प्रश्न आहे. जो माणूस डोळ्यांसमोर नसतो तो नियमात बसत नाही, आणि नियमात बसला नाही की चूक त्याचीच ठरते. पडद्यावर 'आमचा नियम अपुरा आहे' असे कधी येत नाही. येते ते 'तुमचे नाव अवैध आहे'. ही भाषा आमच्या समाजाला नवी नाही.

कायद्याचे उदाहरण घ्या. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात एक अट होती. पंजाबातल्या काही शीख जातींचा अपवाद सोडला तर हिंदू धर्माबाहेरच्या व्यक्तीला अनुसूचित जातीची मानायचे नाही. प्रोग्रामच्या भाषेत हा एका ओळीचा नियम आहे : धर्म हिंदू नसेल तर नाकारा. 1956 मध्ये शिखांसाठी ती अट सैल झाली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. माणसे तीच, वस्त्या त्याच, पाणवठ्यावरची वागणूक तीच. अर्जातल्या एका रकान्यातले उत्तर तेवढे बदलले, आणि केंद्राच्या यादीसाठी बौद्ध अवैध ठरले. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना आधी दिल्या होत्या, पण केंद्राचा नियम बदलायला 1990 साल उजाडले. चौतीस वर्षे. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम आजही त्या ओळीबाहेर उभे आहेत. नियम एका ओळीचा होता म्हणून त्याचे परिणाम लहान नव्हते.

आता अलीकडची, आम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने जातीची ओळख सांगणारे आडनाव सोडले. मुलीचे नाव, पुढे आईचे नाव, त्यापुढे वडिलांचे. दाखल्यावर तसेच. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना 'आडनाव अनिवार्य' अशी अट आली. मुदतीचे दोन दिवस उरलेले. सायबर कॅफेवाल्याने सवयीने सांगितले, तिथे एक टिंब टाका, फॉर्म पुढे जातो. टिंब टाकले, फॉर्म पुढे गेला. महिन्याने अर्ज परत आला. शेरा होता, 'नाव कागदपत्रांशी जुळत नाही.' मग कॉलेज, कार्यालय, पुन्हा कॉलेज अशा आमच्या आठ फेऱ्या झाल्या. तिची फी त्या काळात उसनवारीवर भरली गेली.

यातून कोणत्याही प्रोग्रामरने शिकावे असे एक आहे. गरज नसलेल्या ठिकाणी कडक नियम लावला की खरी माहिती मिळत नाही, खोटी माहिती मिळते. लोक टिंब टाकतात, रेघ टाकतात, 'लागू नाही' लिहितात. तपासणी पार पडते आणि नोंद बिघडते. म्हणजे माणसालाही त्रास आणि व्यवस्थेचेही नुकसान.

मग तपासणीच नको का? तसे आम्ही म्हणत नाही. तपासणी नसेल तर उणे वयाचे मतदार तयार होतील, आणि वाईट हेतूचा माणूस नावाच्या रकान्यातून डेटाबेसला आज्ञा देऊन सगळ्यांची माहिती पळवू शकेल. ढिसाळ यंत्रणेचा पहिला फटका गरिबालाच बसतो, हे आम्ही रेशनपासून दाखल्यापर्यंत पाहत आलो आहोत. आम्हाला तपासणी हवीच आहे. पण ती कामापुरती हवी.

म्हणून आमच्या वर्गात आता आम्ही असे शिकवतो. आधी विचारा, हा रकाना कशासाठी आहे? मतदानासाठी वयाचा आकडा लागतो, तिथे आकडा आणि त्याची मर्यादा तपासा. नाव हाक मारायला लागते, तिथे ते रिकामे नाही एवढे पाहा, मागची-पुढची मोकळी जागा काढा आणि आहे तसे ठेवा. नाव कसे असावे हे ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामला नाही. चूक दाखवताना नुसते 'अवैध' म्हणू नका, काय लिहायचे ते सांगा : 'वय आकड्यात लिहा, उदाहरणार्थ 17.' पुन्हा संधी द्या, आणि आधी भरलेले पुसू नका. शेवटी, प्रोग्राम तयार झाला असे म्हणण्याआधी तो वस्तीतल्या नावांवर चालवून पाहा. आमच्या फळ्यावर आता एक यादी कायमची लिहिलेली आहे : भीमराव, संघमित्रा, एकशब्दी नाव, आडनाव नसलेले नाव, देवनागरीतले वय. यातले एकही अडले तर स्वाध्याय अपुरा.

कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. ऑनलाइन अर्ज अडला की आपण कॅफेवाल्याची युक्ती वापरून मोकळे होतो. तसे करू नका. पडद्याचा फोटो काढा, तारीख लिहा, लेखी तक्रार द्या. 2005 चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. त्याखाली विचारा, आडनाव अनिवार्य करणारा शासनाचा आदेश कोणता, त्याची प्रत द्या. अनेकदा आदेश नसतोच, कुणीतरी फॉर्म बनवताना ती अट घातलेली असते. ती लेखी विचारल्याशिवाय हलत नाही.

आपली मुले आज आयटीत जात आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. पण नोकरी मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. उद्या तुमच्यापैकी कुणीतरी एखाद्या शिष्यवृत्तीचा, दवाखान्याचा, बँकेचा फॉर्म लिहील. त्या दिवशी दाराच्या आत तुम्ही असाल आणि बाहेर एक आडनाव नसलेली मुलगी असेल. तो नियम लिहिताना तिचे नाव एकदा टाइप करून पाहा.

त्या मुलाने पुढच्या रविवारी त्याचा प्रोग्राम दुरुस्त करून आणला. पहिले नाव त्याने स्वतःच टाकले, भीमराव. प्रोग्राम म्हणाला, 'नमस्कार भीमराव, तुमचे वय किती?'

जय भीम!