‘सवडीने शिका’ : पण सवड कोणाची?

कळमना बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचा मुलगा शोरूममध्ये विक्रेता म्हणून उभा राहतो, ही साधी गोष्ट नाही. पिढ्यान्‌पिढ्या ओझे आमच्या पाठीवर आणि गल्ला दुसऱ्याच्या हाती, अशीच येथील व्यवस्था होती. माल कसा मांडावा, गिऱ्हाइकाची गरज कशी ओळखावी, परत आलेला माल कसा घ्यावा, ही विद्याही शेठच्या भाच्या-पुतण्यांपुरतीच राहिली.

म्हणून मोठी दुकाने नव्या विक्रेत्याला मोबाइलवर धडे देऊन ‘आपल्या सवडीने शिका’ म्हणतात, त्याचे आम्ही स्वागतच करतो. धडा पुन्हा पाहता येतो, चुकले तर कोणी चारचौघांत हिणवत नाही आणि मोबाइल जात विचारत नाही.

परंतु ही सवड कोणाची? दिवसभर काउंटरवर उभे राहायचे, रात्री स्वतःचा डेटा खर्चून धडे पाहायचे आणि परीक्षेत नापास झाल्यास नोकरीवर गदा! ही सवड नव्हे, बिनपगारी ड्युटी आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. तेच तास आता मोबाइलमधून परत घेतले जाणार काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने ‘कर्मचारी’ या व्याख्येतून शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील उमेदवारास वगळले आहे. म्हणजे तसा करार नसलेल्या विक्रेत्याला मालकाने नुसते ‘ट्रेनी’ म्हटल्याने त्याचा वेतनाचा हक्क जात नाही. मालकाने सक्तीचे केलेले शिकणे आमच्या मते कामच आहे, आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. करार केला, तर विद्यावेतन द्यावे लागते. ३० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. निर्दिष्ट व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागाही आहेत. नुसत्या मोबाइलच्या धड्यांवर भागवले की मालक या साऱ्यातून सुटू पाहतो.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. धडे कामाच्या वेळेत, दुकानाच्या खर्चाने आणि मराठीत द्या. प्रमाणपत्र विक्रेत्याच्या हाती द्या. नोकरी सुटली तरी ते त्याचेच राहावे.

आमच्या तरुणांनी धड्याची तारीख-वेळ लिहून ठेवावी, साहेबाचे मेसेज पुसू नयेत. न्यायालयात तोंडी तक्रारीपेक्षा लेखी पुरावा अधिक बोलतो. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आहे. ‘फुकट राबा’ हा नाही!