दारावरची खूण आणि परक्या भिंतीचा रंग

येथें शिरपुरास आमच्या आप्तांपैकीं एका मोठ्या घराण्यानें आपला कुलवृत्तांत संकेतस्थळावर घालण्याचें नुकतेंच ठरविलें. वंशावळ तयार होती, जुने फोटो जमले होते, पुण्यामुंबईचे व परदेशचे भाऊबंदहि अनुकूल होते. काम अडलें तें एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीपाशीं. ब्राउझरच्या टॅबवर नांवाशेजारीं जें इवलेंसें चिन्ह दिसतें तें कोणतें असावें, आणि मोबाइलवर पान उघडलें कीं वरच्या पट्टीला जो रंग चढतो तो कोणता असावा? घरचे वडील काका म्हणाले, "चिन्ह कुलस्वामिनीचें आणि रंग भगवा. यांत विचारायचें काय?" इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणाला, "काका, सोळा ठिपक्यांत देवी ओळखूं येत नाहीं. आणि रंग आपण फक्त सुचवायचा असतो, तो लावणें न लावणें ब्राउझरच्या हातीं." यावरून दोन दिवस अबोला पडला व मध्यस्थीसाठीं आम्हांस बोलावणें आलें.

हा वाद त्या एका घरापुरता नाहीं. गेलीं पंचवीस वर्षें जगांतील मोठमोठे तज्ज्ञ याच दोन गोष्टींवर भांडत आले आहेत, म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

या चिन्हास फॅविकॉन म्हणतात. १९९९ सालीं मायक्रोसॉफ्टनें इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरांत तें प्रथम आणलें. त्याचा मूळ आकार उभे आडवे १६ पिक्सेल, म्हणजे सारे मिळून २५६ ठिपके. सोळा ठिपके सोळा ओळींची रांगोळी ज्यांनीं घातली आहे त्या भगिनींना एवढ्या जागेंत काय मावतें हें सांगावयास नको. शिरपूरचा 'शि' काढूं म्हटलें, तर वरच्या तीनचार ओळी वेलांटीच्या वळणांत जातात, त्याखालीं शिरोरेषा येते, आणि मूळ अक्षराला उरते ती अर्धीमुर्धी जागा. रोमन लिपीच्या अक्षरास ही अडचण नाहीं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें कोणती लिपी होती, हें येथें सहज कळून येतें.

परंतु तज्ज्ञांचा आक्षेप आकाराला नव्हता, रीतीला होता. तो ब्राउझर कोणास न विचारतां प्रत्येक संकेतस्थळाच्या मूळ जागीं favicon या नांवाची एक ठराविक फाइल धुंडाळी. पाहुण्यानें ओसरीवर न थांबतां थेट माजघरांतील एक ठराविक कोनाडा उघडावा, तशांतला हा प्रकार! ज्यांच्याकडे ती फाइल नव्हती त्यांच्या नोंदवह्या निष्फळ मागण्यांनीं भरून गेल्या. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या पुढाकारानें २००३ सालीं हा प्रश्न वेबची मानकें ठरविणाऱ्या संस्थेच्या तांत्रिक मंडळापुढें आला. मुद्दा असा कीं, आपल्या घरांत कोणत्या वस्तूला काय नांव द्यावें व ती कोठें ठेवावी हा अधिकार घरधन्याचा आहे. चिन्ह कोठें आहे हें त्यानें पानावरच एका ओळींत सांगावें, हाच सरळ मार्ग. पुढें २०१० सालीं असल्या सार्वजनिक फायलींसाठीं एक समाईक कोपरा नियमानें नेमून देण्यांत आला. जुनी संवय मात्र सुटली नाहीं. घरधन्यानें कांहीं सांगितलें नसेल तर ब्राउझर अजूनहि त्याच कोनाड्यांत हात घालतात.

मध्यंतरीं ॲपलनें आपल्या फोनसाठीं निराळें चिन्ह मागितलें, मायक्रोसॉफ्टनें आपल्या चौकटींसाठीं निराळें, गूगलनें निराळें. एकाच दारावर प्रत्येक पाहुण्यासाठीं वेगळी पाटी लावण्याची पाळी आली! मानक हवें म्हणतात तें अशा वेळीं.

रंगाची गोष्ट नेमकी उलट आहे. ब्राउझरची पट्टी हा ब्राउझरच्या घराचा भाग. तेथें संकेतस्थळ हाच पाहुणा. २०१४ सालीं क्रोमनें अँड्रॉइड फोनवर ही सोय दिली आणि २०२१ सालीं सफारीनें ती उचलली. मानकांतील शब्द येथें लक्षांत घेण्याजोगा आहे: हा रंग 'सुचविलेला' रंग आहे. अक्षरें दिसेनाशीं होत असतील, तर ब्राउझरला त्यांत फेरफार करण्याची मोकळीक आहे. पुतण्याचें म्हणणें येथें अक्षरशः खरें होतें. दोन्ही प्रकरणांचें सार एकच: ज्याचें घर त्याची परवानगी.

आणि हें केवळ शिष्टाचाराचें प्रकरण नव्हे. पूर्वीं हें चिन्ह पत्त्याच्या पट्टींतच दिसे. तेव्हां कांहीं लबाडांनीं चिन्ह म्हणून कुलुपाचें चित्र लाविलें. पाहणारास वाटे, ब्राउझरनेंच सुरक्षिततेची ग्वाही दिली. म्हणून २०१२ सालीं फायरफॉक्सनें चिन्ह त्या पट्टींतून काढून टॅबवरच ठेविलें. २०२३ सालीं क्रोमनें खुद्द आपलें कुलूपहि काढलें, कारण कुलूप म्हणजे प्रामाणिक माणूस अशी लोकांची चुकीची समजूत झाली होती.

गेल्या वर्षीं आमच्याच घरीं वीजबिलाच्या नांवानें एक संदेश आला. दुवा उघडतांच तेंच ओळखीचें चिन्ह, तोच ओळखीचा रंग! मातोश्री पैसे भरण्याच्या बेतांत होत्या, तोंच धाकट्या सूनबाईंनीं वरचा पत्ता एकेक अक्षर करून वाचला आणि म्हणाल्या, "आई, थांबा. यांत एक अक्षर जास्त आहे." पैसे वांचले. चिन्ह व रंग कोणासहि उचलतां येतात. पत्ता तसाच्या तसा उचलतां येत नाहीं. टिळा पाहून माणूस पारखूं नये, हें आपल्या घरांत मुलांना शिकवितात. तोच धडा आतां वडीलधाऱ्यांनींहि गिरवावयास हवा.

त्या घरचा तंटा मात्र गोडीनें मिटला. देवीची मोठी तसबीर पहिल्या पानावर मानानें विराजमान झाली, आणि टॅबवर आली तिच्या देव्हाऱ्यांतली समई: एक उभी रेघ, खालीं बैठक, वर ज्योत. सोळा ठिपक्यांतहि ती ओळखूं येते. रंग दिवसा भगवा व रात्रीच्या काळ्या पानासाठीं गडद तांबडा सुचविला आहे. तशी मुभा मानकांत आहे. काकांनीं समई पाहिली, चष्मा पुसून पुन्हां पाहिली, आणि पुतण्यास म्हणाले, "आधीं समजावून सांगितलें असतेंस तर दोन दिवस फुकट गेले नसते." आमच्या मतें मानकें करणाऱ्या मंडळींनाहि हेंच सांगण्यासारखें आहे.