बाजेखालचा पाहुणा

दोस्तांनो, गेवराई तालुक्यातल्या उमापूरहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, ‘रस्त्यावरून आणलेलं कुत्रं बाजेखालून निघतच नाही. जातही कळत नाही.’

अगं, जात कशाला हवी? भीती सगळ्यांची सारखीच! ओढू मात्र नकोस. रोज ठरल्या वेळी भाकरी-पाणी ठेव नि जरा लांब, तिरकी, गप्प बस. डोळ्यांत रोखून पाहिलं की त्याला धमकी वाटते. वास घ्यायला त्यालाच येऊ दे. मग हनुवटीखाली खाजव, डोक्यावर हात नको. आठवडे लागतील, लागू देत. शेपूट पायांत घातली असेल तेव्हा हात लावूच नकोस, चावेल. चावलंच, नुसतं ओरखडलं तरी, जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुऊन थेट दवाखाना! कुत्र्याला रेबीजची लस दिलीय ना? बाबांना आजच विचार.

आणि पहिल्यांदा शेपूट हलली, की कळव हं!