दिवाणखान्यातील चित्रगृह आणि तबकडीची मालकी

बत्तीस इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पंचावन्न इंची पडदा टांगण्याचा मनसुबा थोडा अधिक आटोक्यात आला. पडद्यामागोमाग ध्वनिक्षेपक येतात, खिडक्यांना जाड पडदे लागतात आणि घरातल्या घरात एक लहानसे चित्रगृह उभे राहते. मग प्रश्न पडतो तो असा, की या चित्रगृहात चित्रपट आणावयाचा कोठून? आंतरजालावरील मासिक वर्गणीच्या सेवेतून, की तबकडी आणि ती चालविणारे यंत्र विकत घेऊन? प्रश्न वरवर चैनीचा वाटेल. वस्तुतः मालकी आणि भाडे यांतील फरक, प्रमाणीकरण, मूल्यभेद आणि दुरुस्तीचा हक्क असे अर्थशास्त्रातील कितीतरी विषय या एका खरेदीत गुंतलेले आहेत.

प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न पडला तो मात्र चैनीपोटी नव्हे. २००६ साली झालेल्या आमच्या लग्नाचे चित्रण तीन व्हीसीडींवर आहे. त्यात वडील पंक्तीतून आग्रह करीत हिंडताना दिसतात. त्यांचा आवाज घरात जपलेला आहे तो तेवढाच. वडील आता नाहीत. मागील दिवाळीत आईने ते चित्रण पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा आमच्या जुन्या यंत्राने तबकडी आत घेतली, थोडी घरघर केली आणि तबकडीच नसल्याचा निर्वाळा दिला. दुरुस्ती केंद्रातील कारागीर म्हणाला, “लेन्स गेली आहे, सर. हा पार्ट आता येत नाही.” तबकड्या घरात होत्या, मालकी निर्विवाद आमची होती, परंतु यंत्रावाचून त्या मालकीचे मोल शून्य झाले होते.

प्रमाणाचे राजकारण

अर्थशास्त्रात पूरक वस्तूंचे उदाहरण म्हणून आपण चहा आणि साखर शिकवितो. तबकडी आणि यंत्र यांचे नाते याहून घट्ट आहे. चहा साखरेविना पिता येतो. तबकडी यंत्राविना नुसती आरशासारखी चकाकते. साहजिकच अशा बाजारात जो तो इतरांनी काय घेतले ते पाहून घेतो. २००६ साली एकाच वेळी दोन नव्या तबकड्या बाजारात उतरल्या. तोशिबाच्या पुढाकाराने आलेल्या ‘एचडी डीव्हीडी’च्या एका थरात १५ जीबी मजकूर मावे, तर सोनी आदी कंपन्यांच्या ‘ब्लू-रे’च्या एका थरात २५. एका पक्षाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसे. सोनीने आपल्या प्लेस्टेशन-३ या खेळयंत्रातच ब्लू-रे बसविले, चित्रपट कंपन्या एकेक करून त्या बाजूला वळल्या आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. पराभूत पक्षाचे यंत्र ज्यांनी हौसेने घेतले होते, त्यांच्या हाती एक महागडी पेटी उरली.

आज हेच चक्र उलट्या दिशेने फिरत आहे. यंत्रे विकली जात नाहीत म्हणून तबकड्या निघत नाहीत, आणि तबकड्या निघत नाहीत म्हणून यंत्रे विकली जात नाहीत. रसिकांच्या विशेष पसंतीच्या ओप्पो कंपनीने २०१८ साली यंत्रे बनविणे थांबविले. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवी यंत्रे न आणण्याचे जाहीर केले. एलजीही २०२४ च्या अखेरीस या व्यवसायातून बाहेर पडली. टपालाने डीव्हीडी पाठविण्यापासून ज्या नेटफ्लिक्सचा आरंभ झाला, तिने ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. आपल्याकडे मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून चोरट्या प्रतींच्या बाजाराला आव्हान दिले होते. तीच कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. अशा ओसरत्या बाजारात यंत्र घेणे शहाणपणाचे काय, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

भाडेकरूची सोय, भाडेकरूची अनिश्चितता

वर्गणीच्या सेवांची बाजू दुबळी नाही. चित्रपट एकदाच पाहावयाचा असेल, तर तो भाड्याने घेणे हेच किफायतीचे. १९८० च्या दशकात गणेशोत्सवात चाळी-चाळींतून वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणीत आणि रात्रभरात तीन चित्रपट संपवीत, त्यामागेही हाच हिशेब होता. ज्यांच्या घरी एकही तबकडी नाही आणि ज्यांना एक चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याची सवय नाही, त्यांनी यंत्राच्या वाटेला जाऊ नये, असेच मी म्हणेन.

परंतु भाड्याची वस्तू घरमालकाच्या मर्जीने राहते. वर्गणीच्या सेवेतील चित्रपट हक्कांचा करार संपताच नाहीसा होतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे ज्याला आपण ‘विकत घेतले’ असे समजतो, तेही पुष्कळदा विकत घेतलेले नसते. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने आपल्या किंडल वाचनयंत्रांवरून जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या नकळत काढून घेतली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते आणि पैसेही परत केले गेले, हे खरे. पण पुस्तकाच्या दुकानदाराने रात्री घरात शिरून पुस्तक नेले आणि टेबलावर पैसे ठेवले, तर त्याला आपण काय म्हणू? कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून याबाबत कायदा लागू झाला आहे. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास त्याने मनाई केली आहे. शब्दांच्या या दुरुस्तीसाठी कायदा करावा लागला, यातच सारे आले.

गुणवत्तेचा हिशेबही तपासला पाहिजे. ‘४-के’ दर्जाचा प्रवाह सेकंदाला सुमारे १५ मेगाबिट धरला, तर दोन तासांच्या चित्रपटाला साधारण साडेतेरा जीबी लागतात. २०१६ साली आलेल्या ‘अल्ट्रा एचडी ब्लू-रे’ तबकडीची क्षमता १०० जीबीपर्यंत असते. एकच मजकूर इतका अधिक दाबून पाठवावयाचा, तर काहीतरी गाळावे लागणारच. अंधाऱ्या दृश्यांतील छटा आणि आवाजाचा बारकावा यांत हे गाळणे प्रथम जाणवते.

निवड कशी करावी

तरीही सर्वात भारी यंत्र घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. सीमांत उपयोगितेचा नियम येथेही लागू पडतो. डीव्हीडीच्या चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असतात, ब्लू-रेमध्ये सुमारे २० लाख ७४ हजार आणि अल्ट्रा एचडीत सुमारे ८२ लाख ९४ हजार. पहिली पायरी पाचपटीची आहे, दुसरी चौपटीची. आकडे तोलामोलाचे दिसतात. डोळ्यांना मात्र तसे वाटत नाही. पडदा पंचावन्न इंची असेल आणि आपण सात फुटांहून दूर बसत असू, तर निकोप दृष्टीच्या माणसालाही या शेवटच्या दोहोंतील बारकाव्याचा फरक जवळजवळ दिसत नाही. रंग आणि उजेड यांतील सुधारणा तेवढी दिसते. आपले दिवाणखाने केवढे आणि आपण कोठे बसतो, हे दुकानात जाण्यापूर्वी टेपने मोजून घ्यावे.

दुसरी गोष्ट जुळणीची. उजेडाची व्याप्ती वाढविणाऱ्या पद्धतींपैकी ‘एचडीआर-१०’ ही जवळजवळ सर्व अल्ट्रा एचडी तबकड्यांत असते. ‘डॉल्बी व्हिजन’ आणि ‘एचडीआर-१० प्लस’ या ऐच्छिक. आपल्या संचाला जी पद्धत उमगत नाही, तिच्यासाठी यंत्रात जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. सॅमसंगच्या संचांत डॉल्बी व्हिजन नसते, हे यासंदर्भात ध्यानात ठेवावे. संचाची एचडीएमआय जोडणी ‘एचडीसीपी २.२’ मानणारी आहे की नाही, हेही विचारावे. नाहीतर अल्ट्रा एचडी तबकडी पूर्ण तपशिलात दिसणार नाही. नव्या यंत्रांना पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींची चित्रजोडणी बहुधा नसते.

तिसरी गोष्ट प्रदेशाची. डीव्हीडीसाठी जगाचे सहा व्यापारी प्रदेश पाडले गेले. त्यांत भारत पाचव्यात आणि अमेरिका पहिल्यात. ब्लू-रेसाठी तीन विभाग झाले आणि आपण ‘सी’मध्ये गेलो. पिगू यांनी १९२० साली ज्या मूल्यभेदाचे विवेचन केले, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात देण्यास दुसरे नाही. एकच वस्तू निरनिराळ्या बाजारांत निरनिराळ्या किमतीला विकावयाची, तर स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात जाऊ देता कामा नये. त्यासाठी यंत्रालाच जकात नाक्यावर बसविले. अमेरिकेतील भाच्याने प्रेमाने आणलेल्या डीव्हीडी येथे न चालण्याचे कारण बहुधा हेच असते. अल्ट्रा एचडी तबकड्यांवर मात्र हे बंधन नाही, ही समाधानाची बाब.

चौथी आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी, की घरातील जुन्या तबकड्यांची यादी करून मगच यंत्र पाहावे. नवे यंत्र डीव्हीडी चालविते. व्हीसीडी चालवीलच असे नाही. दुकानात जाताना आपलीच एक जुनी तबकडी सोबत न्यावी आणि ती लावून दाखविण्याचा आग्रह धरावा. पैसे उरले, तर ते यंत्राच्या वरच्या श्रेणीपेक्षा ध्वनिक्षेपकांवर खर्चावेत. तेथे रुपयागणिक मिळणारे समाधान अधिक आहे.

खासगी कपाटापलीकडे

प्रत्येक घराने यंत्र बाळगावे, असा आग्रह धरणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही. ज्या वस्तूची गरज वर्षातून चार वेळा पडते, ती वाटून वापरणेच योग्य. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. त्यांतील निदान ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी एकेक चांगले यंत्र आणि निवडक तबकड्या ठेवल्या, तर कित्येक घरांची सोय होईल. जुने चित्रपट वर्गणीच्या सेवांना किफायतशीर वाटतीलच, याची हमी कोणी द्यावी? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तीत टिकाऊ गृहोपयोगी वस्तूंचाही समावेश केला. यंत्र बनविणे थांबविल्यावरही काही वर्षे सुटे भाग पुरविण्याचे दायित्व उत्पादकावर टाकले, तरच या हक्काला अर्थ येईल.

आमच्या घरापुरते सांगावयाचे, तर मी प्रथम संगणकाला जोडण्याचे एक साधे उपकरण आणून लग्नाच्या तबकड्यांची प्रत करून घेतली. घरी ध्वनिचित्रित केलेल्या तबकड्यांतील रंगद्रव्य उष्णतेने व उजेडाने विटते. तेव्हा ज्यांच्याकडे अशा मुंजी-लग्नांच्या तबकड्या आहेत, त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये. आमच्या दोन तबकड्या सरळ वाचल्या गेल्या. तिसरी अर्ध्यावर अडली. पंक्तीचा भाग सुदैवाने पहिल्या अर्ध्यात होता. आई ते चित्रण पाहत असता पडदा किती इंची आहे आणि बिंदू किती लाख आहेत, याची विचारपूस तिने केली नाही. मध्यम किमतीचे एक यंत्र मी त्यानंतर घेतले. ते बाजारातील सर्वोत्तम नाही. पण कपाटातील जे आमचे आहे, ते आमचे राहावे, एवढ्यापुरते पुरेसे आहे.